बुजवलेलं नाव

१

मंगळवारी सकाळी दिंका टेकडीवरच्या दफनभूमीत पोहोचली, तेव्हा तिच्या वडिलांच्या दगडावरचा एक शब्द नाहीसा झाला होता.

तो फोडला नव्हता, खरवडलाही नव्हता. पांढऱ्या दगडात कोरलेल्या तीन ओळींपैकी मधली ओळ कुणीतरी काळ्याभोर डांबरानं बुजवून टाकली होती. वरचं ‘लुका बुरातोविच’ शाबूत होतं. खालचं ‘समुद्रात राहिला’ हेही शाबूत होतं. मधलं ‘कलाफात’ तेवढं गेलं होतं.

त्या दगडाखाली तसं कोणी नव्हतंच. लुका एका पहाटे जाळी घेऊन गेला, मागाहून रिकामी होडी सापडली, तो काही सापडला नाही. दिंका तेव्हा पाळण्यात होती. बाप म्हणून तिला जन्मभर पुरला तो हा दगडच.

दिंका गुडघ्यांवर बसली. स्प्लिट शहराच्या पोलिसांत इन्स्पेक्टर म्हणून उभी हयात घालवलेली बाई. चोऱ्या, मारामाऱ्या, एक-दोन खूनसुद्धा तिनं उलगडले होते. तिनं नखानं डांबराचा कोपरा उचलला. आत तागाचा पीळ होता. आधी प्रत्येक अक्षरात ताग दाबून बसवलेला, मग त्यावर डांबर. बाजूच्या दगडावर थेंबसुद्धा सांडलेला नाही. टवाळ पोरं असं करत नाहीत, ती नुसतं फासून पळतात. हे काम कुणीतरी मन लावून केलं होतं.

आणखी एक गोष्ट तिला खटकली. आदल्या दिवशी एस्तेबाननं, म्हणजे तिच्या होणाऱ्या जावयानं, फादर ईवोंच्या बागेतली लाल फुलं या दगडापाशी ठेवली होती. तसं त्यानं जेवताना हळूच तिच्या एकटीच्या कानात सांगितलं होतं. ती फुलं आता इथं नव्हती. पलीकडे, समुद्रानं किनाऱ्याला आणून टाकलेल्या बेवारशांचा जो क्रूस आहे, त्याच्या पायथ्याशी ती ओळीनं मांडून ठेवलेली होती.

शनिवारी तिच्या मुलीचं लग्न होतं. ते ‘कलाफात’ या एका नावापायी मोडायला आलं होतं, आणि आता कुणीतरी ते नावच बुजवलं होतं.

२

बेटावरच्या ग्राबोवा गावात दगड भिरकावला तर तो बुरातोविचलाच लागतो. आडनाव सगळ्यांचं तेच, आणि पोरांना नावं द्यायला संत तरी किती पुरणार? लुका, आंते, इवान, की पुन्हा लुका. म्हणून गाव माणसाला घराच्या टोपणनावानं ओळखतं. दिंकाचं घर कलाफातांचं. कलाफात म्हणजे होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवणारा. कुठल्याशा खापरपणजोबाचा तो धंदा आजोबांपर्यंत चालला आणि नाव घराला चिकटलं ते चिकटलंच.

आजोबांना मुलगा नव्हता. येर्का आणि वित्सा या दोन मुलीच. धाकट्या वित्सानं घरजावई आणला, तो लुका, दिंकाचा बाप. वित्सा चार वर्षांपूर्वी गेली. थोरली येर्कामावशी बिनलग्नाची राहिली, दिंकाला कळतंय तेव्हापासून काळ्या कपड्यांत. ऐंशीची झाली तरी स्वयंपाकघरावरची सत्ता तिनं सोडली नव्हती. गुडघे तेवढे गेले होते, त्यामुळे महिनाभर ती अंगणाबाहेर पडली नव्हती. निदान ती तसं सांगायची.

रविवारी जेवणं अंगणात होती. एस्तेबान पहिल्यांदाच गावात आला होता. चिलीतल्या आंतोफागास्ताचा पोरगा. आजोबांची भाषा शिकायला म्हणून स्प्लिटला आला, आणि भाषेबरोबर दिंकाच्या फ्रांकालाही घेऊन चालला होता. आजोबा याच बेटावरचे, बुरातोविचच, एवढं त्याला ठाऊक होतं. पण बेटावरचा बुरातोविच शोधणं म्हणजे वारुळातली मुंगी शोधणं.

फ्रांका नळाखाली द्राक्षं धूत होती. पाणी धो धो वाहत होतं.

“अगं, बंद कर तो नळ!” एस्तेबान ओरडला. “आजोबांनी तुझा हात धरला असता. ते म्हणायचे, ‘बेटावर आमच्या घरी थेंब न् थेंब तळ्यावरून डोक्यावर यायचा. मी निघालो त्या सकाळीसुद्धा मला तोंड धुवायला पाणी हवं म्हणून एक मुलगी उजाडायच्या आत तळ्यावर जाऊन आली होती.’ आणि तुम्ही लोक!”

“झालं याचं प्रवचन सुरू,” फ्रांका म्हणाली. “लग्नानंतर आंघोळ करू देशील ना रे, की मलाही तळ्यावर पिटाळशील?”

सगळे हसले. येर्कामावशीच्या हातातली पळी मात्र भांड्यावर आदळली.

“पण कुठल्या घरचे रे तुझे आजोबा?” शेजारच्या बार्बा शिमेनं विचारलं. वयानं मोठ्या माणसाला गावात बार्बा म्हणतात, म्हणजे काकाच. “बुरातोविच काय, मीही बुरातोविच आणि माझं गाढवही बुरातोविच. घराचं नाव सांग.”

“ते नाही माहीत. कुठल्या साली निघाले तेही आजोबांनी कधी सांगितलं नाही. तिकडे सगळे त्यांना डॉन कलाफाते म्हणायचे. मला वाटायचं, तिकडचंच कुणीतरी पाडलेलं नाव असेल.”

“लुका कलाफात!” शिमे उठून उभाच राहिला. “अरे, त्याला मी या डोळ्यांनी बोटीत चढताना पाहिलंय! लाकडी पेटी खांद्यावर घेऊन चिलीला निघाला होता. आणि या घरच्या बाया सांगतात, बुडाला!”

“बार्बा, माझे वडील समुद्रात गेले,” दिंका म्हणाली.

“होडी सापडली, पोरी. माणूस सापडला का?”

सर्वांत आधी फ्रांकाला कळलं. तिच्या हातातला द्राक्षांचा घोस खाली पडला.

“म्हणजे याचे आजोबा आणि माझे आजोबा... एकच?”

येर्कामावशी टेबलावरून उठली आणि आत निघून गेली. तिनं दाराला आतून कडी घातली.

३

दिंका तपासाच्या कामात मुरलेली होती. तिनं ठरवलं, डांबर कुणी लावलं ते कळलं की का लावलं तेही कळेल. कुणाला तरी त्या नावाची भीती होती, आणि ज्याला भीती असते त्याला काहीतरी ठाऊक असतं.

शिमे धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता.

“आता हेही माझ्याच माथी का?” तो म्हणाला.

“होडी तुमची. डांबर तुमच्याकडे असणार.”

“होडी प्लास्टिकची आहे माझी. तिला काय डांबर फासू? क्रीम लावतो मी तिला, पॅरिसचं!” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “दिंके, मी वाईट असेन, पण जे काय ते तोंडावर बोलतो. मेलेल्याच्या दगडाला कशाला हात लावीन?”

हे खरं होतं. शिमेच्या तोंडात तीळ भिजत नसे. असा माणूस चोरून काही करत नाही, त्याला धीरच धरवत नाही.

“बरं, तो गेला तेव्हा त्याचं तोंड पाहिलंत तुम्ही?”

“तोंड पेटीआड होतं. पण धक्क्यावर सगळे म्हणत होते, कलाफात चालला, लुका कलाफात चालला. मग कोण असणार, पोप?”

“साल कुठलं?”

“साल कोण ध्यानात ठेवतो! पोरसवदा होतो मी. पुढच्या वसंतात स्प्लिटच्या गोदीत लागलो तो पेन्शन घेऊनच परत आलो. मागे इथं कोण जन्मलं नि कोण बुडालं, मला काय कळणार?”

दिंका तिथून चर्चमध्ये गेली. फादर ईवो तरुण होते, बेटाबाहेरचे, आणि स्वभावानं इतके मऊ की नकार देतानाही त्यांनाच घाम फुटायचा.

“दिंकाबाई, तुमचे वडील चिलीला गेले असतील तर एस्तेबानची आई आणि तुम्ही सावत्र बहिणी होता. मुलं मावसभावंडं होतात. बिशपांच्या परवानगीशिवाय मी हे लग्न लावूच शकत नाही, आणि परवानगी मिळेल की नाही तेही सांगता येत नाही.”

“चर्चच्या दप्तरात काही सापडलं?”

“पाहिलं. त्या काळातले तीन लुका बुरातोविच आहेत, आणि तिघांच्याही बापाचं नाव आंते.” फादरनी हात पसरले. “तुमच्या गावात दप्तरात टोपणनाव लिहायची पद्धत नाही, आणि दप्तरातलं नाव गावात कुणी उच्चारत नाही. मी काय करू? मनात शंका ठेवून मी त्यांचे हात एकमेकांच्या हातात देणार नाही. शुक्रवारपर्यंत काही कळलं तर सांगा.”

टेकडी उतरताना दिंकाला लग्नाहून वेगळंच काही टोचत होतं. तिची आई दर शुक्रवारी खिडकीत समुद्राकडे तोंड करून दिवा लावायची. शेवटच्या आजारातही तिनं तो चुकवला नाही. तो दिवा एका पळपुट्यासाठी जळत होता का? असं असेल तर ते कळूच नये, असं दिंकाला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला लाज वाटली.

घरी आली तेव्हा फ्रांकाच्या खोलीचं दार बंदच होतं. दिंका डांबराचा विचार करत तळघराकडे वळली. गावात लाकडी होड्या उरल्या नव्हत्या. डांबर अजून असेल असं एकच घर तिला आठवत होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

४

डबा फळीवर होता. फळीवर धुळीचा थर, पण डब्याभोवती ती पुसली गेलेली. झाकणाच्या कडेला डांबर अजून चिकट होतं. शेजारच्या तागाच्या गुंडाळीचं टोक ताजं कापलेलं होतं.

आणि फळीखालीच, दारूच्या पिंपांना लागून, एस्तेबानचं अंथरूण होतं.

ही गावची जुनी रीत. लग्न लागेपर्यंत होणाऱ्या जावयानं तळघरात, पिंपांशेजारी झोपायचं. वरच्या मजल्याची पायरी त्यानं चढायची ती लग्न लागल्यावर. फ्रांकानं याची मनसोक्त थट्टा केली होती, पण येर्कामावशी बधली नव्हती.

“काकू, काही शोधताय?”

एस्तेबान दारात उभा होता. त्याचे डोळे रडून सुजले होते. दिंकाला त्याची कीव आली आणि संशयही आला. दोन्ही एकदम येतात तेव्हा पोलिसाची फार पंचाईत होते.

“माझ्या वडिलांच्या दगडावरचं नाव कुणीतरी बुजवलंय. याच डब्यातल्या डांबरानं.”

तो डब्याकडे बघत राहिला. “आणि तुम्हाला वाटतं, मी?”

“ते नाव टिकलं तर तुझं लग्न टिकत नाही.”

“काकू, मला लपवायचं असतं तर मी रविवारी तोंडच उघडलं नसतं. ते नाव मीच तर सांगितलं. मला विचारणारं कोण होतं? गाढववाले बार्बा!” तो अंथरुणावर बसला. “मी दगडापाशी गेलो, फुलं ठेवली, आणि म्हणालो, आजोबा, आता तुम्हीच काय ते सांगा. ते नाव मी कशाला पुसू? शोधत आलो होतो तेवढं तेच मिळालं.”

दिंकानं बरेच खोटारडे पाहिले होते. हा त्यातला नव्हता.

“आजोबा या घरात राहिले, याची तुला खात्री आहे?”

“रविवारी रात्री इथं पडलो आणि वास आला, तेव्हाच झाली. ते नेहमी सांगायचे, ‘बेटावरच्या घरी मी पिंपांशेजारी झोपायचो, डांबराच्या वासात. आलो त्या दिवसापासून निघालो त्या दिवसापर्यंत.’”

पिंपांशेजारी डांबर ठेवणारं तळघर गावात एकच होतं, कलाफातांचं. म्हणजे तो माणूस याच घरात राहिला होता. शिमे खरं बोलत होता, दगड खोटा होता आणि आईचा दिवा वाया गेला होता. दिंका जिन्यापर्यंत आली.

आणि तिथंच तिला एक साधा प्रश्न पडला. तिचा बाप या घरचा लग्नाचा जावई होता. दिंका वरच्या खोलीत जन्मली होती. मग तो निघेपर्यंत पिंपांशेजारी का झोपत होता?

५

येर्कामावशी चुलीपाशी पालक निवडत होती. दिंकानं समोर बसून दोन जुड्या स्वतःकडे ओढल्या. चौकशीची खोली कुठलीही असो, समोरच्याचे हात कामात असले की जीभ सैल सुटते, हा तिचा अनुभव होता.

“मावशी, लुकाच्या दगडावरचं नाव कुणीतरी बुजवलं.”

“जग बिघडलंय.”

“पण त्यावर ठेवलेली फुलं फेकली नाहीत. उचलून नीट दुसरीकडे ठेवली.”

“मग? तुझ्या बापाला लाल फुलं कधी आवडली होती? वित्सा त्याच्यासाठी पांढरीच न्यायची.” मावशीनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. “ज्याचं त्याला ठेवावं माणसानं.”

दिंकाचे हात थांबले. फुलं लाल होती असं ती बोलली नव्हती. फ्रांका दाराआड होती. एस्तेबाननं सांगितलं होतं ते फक्त तिला. आणि मावशी महिनाभर अंगणाबाहेर गेली नव्हती.

“मावशी, तुझे गुडघे कसे आहेत?”

“गुडघ्यांसारखे,” मावशी म्हणाली. पण तिनं वर पाहिलं नाही.

दिंका उठून अंगणात आली आणि टाक्याच्या काठावर बसली. मावशीला त्या नावाची भीती? ज्या बाईनं तिला न्हाऊमाखू घातलं, आई मळ्यात असताना मांडीवर निजवलं, तिला? बुजवणं मात्र नक्की तिचंच. आजोबांना मुलगा नव्हता, मग फळीवर बसून त्यांना तागाचे पीळ वळून देणारं कोण होतं? थोरली येर्काच. त्या हातांना ते काम अजून येत होतं.

पण का?

नळ अर्धवट सुरू होता आणि पाणी टाक्याच्या तोंडावरून ओघळत होतं. दिंका सवयीनं बंद करायला वाकली. तिची नजर टाक्याच्या दगडावर कोरलेल्या अक्षरांवर गेली. लहानपणी ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत बापाशी बोलायची. पावसाचं पाणी साठवणारं हे टाकं तिच्या बापानं लग्नानंतर स्वतःच्या हातांनी खणलं होतं आणि गावच्या रिवाजाप्रमाणे तोंडावर खूण कोरली होती: ल. बु., १९५६.

रविवारचं एस्तेबानचं प्रवचन तिला शब्दन् शब्द आठवलं. ती तशीच धावत स्वयंपाकघरात गेली.

“मावशी,” ती धापा टाकत म्हणाली, “तळ्यावर पाण्याला जाणारी ती मुलगी तू होतीस ना?”

मावशीच्या मांडीवरचा पालक खाली सांडला. तिनं तो उचलला नाही.

६

“तू सांगतेस की मी सांगू?” दिंकानं विचारलं. “की कुणालाच नको? तुझी इच्छा नसेल तर फादरना मी एकटी जाऊन भेटते. बाकी कुणाला काही कळायचं कारण नाही.”

येर्कामावशीनं डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतंच. “बोलव सगळ्यांना,” ती म्हणाली. “त्या शिमेलाही बोलव. नाहीतर त्याला भिंतीला कान लावून उभं राहावं लागेल, आणि या वयात त्याची मान धरेल.”

सगळे अंगणात जमले, फादर ईवोही आले. दिंका टाक्यापाशी उभी राहिली.

“हे टाकं माझ्या वडिलांनी बांधलं,” ती म्हणाली. “छप्पन साली. त्यानंतर या घरातून कुणीही पाण्याला तळ्यावर गेलेलं नाही, अंगणात टाकं असताना कोण जाईल? आणि एस्तेबानचे आजोबा निघाले त्या सकाळीही पाणी तळ्यावरून आलं होतं. म्हणजे ते निघाले तेव्हा टाकं नव्हतं. ज्यानं टाकं बांधलं तो, आणि टाकं व्हायच्या आधी गाव सोडून गेला तो, ही माणसं दोन. बार्बा, तुम्ही ज्याला पेटीसकट पाहिलंत, तो माझा बाप नव्हता.”

“पण कलाफात म्हणत होते त्याला!” शिमे म्हणाला.

“म्हणणारच. तुम्ही मला सांगा, गावात कुणी घरजावई म्हणून उंबरा ओलांडला की त्याला काय म्हणतात?”

“काय म्हणजे? त्या घरचंच नाव. त्याच दिवसापासून. बापाच्या घरचं नाव तो...” शिमेचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं त्याला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्याच लक्षात आली नव्हती. गावात नाव रक्ताचं नसतं, घराचं असतं. त्याला कलाफात ठाऊक होता, माणूस ठाऊक नव्हता.

“आणि लग्न होईपर्यंत त्याला झोपवतात कुठं?” दिंका म्हणाली. “पिंपांशेजारी. एस्तेबानचे आजोबा आले त्या दिवसापासून निघेपर्यंत तिथंच झोपले. वरच्या मजल्यावर कधी आलेच नाहीत. म्हणजे त्यांचं या घरात लग्न झालंच नाही.”

सगळ्यांच्या माना येर्कामावशीकडे वळल्या. ती आपल्या खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर.

“हिवाळ्यात आला,” ती म्हणाली. “आमचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. घरात गडीमाणूस नाही, वेली छाटायला हात हवेत, म्हणून बाबांनी त्याला आधीच आणला. पहिल्या दिवशीच गावानं त्याला लुका कलाफात केलं. मला काय कौतुक वाटलं होतं! मग तो म्हणाला, चिलीत चुलता आहे, दोन वर्षं राबतो, तुला बोलावून घेतो. मी त्याला तोंड धुवायला पाणी आणलं. गोडं पाणी, तळ्याचं. खारट तोंडानं जाऊ नये म्हणून.”

“बोलावलं नाही. मी वित्साकडून शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही. ज्यांना ठाऊक होतं ते मेले एकेक करून. मग वित्साचं लग्न झालं, तिचाही लुकाच. दोन कलाफात, दोन्ही लुका! पण हा चांगला होता. टाकं खणताना म्हणाला, येर्का, यापुढे तुला तळ्यावर जायला नको. आणि याला समुद्रानं नेलं.” मावशी एस्तेबानकडे वळली. “तू भला पोरगा आहेस. पण तू त्या पळालेल्याची फुलं या चांगल्या माणसाच्या दगडावर ठेवलीस. मला फादरच्या मोलकरणीनं जाताजाता नुसतं सांगितलं, तुमच्या दगडावर फुलं आहेत म्हणून. उजाडताना गेले काठी टेकत. म्हटलं, ते नावच नको तिथं. नाव दिसलं नाही की कुणी दोघांना एक करणार नाही.”

“आणि माझं लग्न, मावशीआजी?” फ्रांका हळूच म्हणाली. “ते मोडू दिलं असतंस?”

“नाही गं. शुक्रवारपर्यंत धीर गोळा करत होते.” येर्कामावशीचा आवाज पहिल्यांदा हलला. “इतकी वर्षं झाकलेलं एका दिवसात कसं उघडू? तो मला घेऊन गेला नाही, पोरी. माझ्या घराचं नाव मात्र घेऊन गेला, आणि तिकडे जन्मभर मिरवलं.”

फादर ईवो उठले आणि त्यांनी फ्रांकाच्या डोक्यावर हात ठेवला. “शनिवारी,” ते म्हणाले. “काही नातं नाही. मी लग्न लावतो.” फ्रांका एस्तेबानच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. दिंका टाक्याच्या काठावर बसली. दिवा वाया गेला नव्हता, हे एकच तिच्या मनात फिरत होतं.

पण जुनी सवय जात नाही. एक धागा लोंबत होता, तो तिला ओढून पाहायचा होता.

“एस्तेबान, तुझ्या आईला तुम्ही सगळे नीना म्हणता. ते घरातलं लाडाचं नाव. बाप्तिस्म्याचं काय?”

“हेरोनिमा,” तो म्हणाला. “आजोबांनी हट्टानं ठेवलं. आजीला मुळीच आवडलं नव्हतं, म्हणून तिनं नीना सुरू केलं.” सगळे आपल्याकडे असं का बघताहेत ते त्याला कळेना. “का? जुनं नाव आहे, मान्य आहे.”

फादर ईवोंनी येर्कामावशीकडे पाहिलं. दर ईस्टरला चर्चची यादी वाचताना ते तिचं पूर्ण नाव पुकारत. “येरोलिमा,” ते हळूच म्हणाले. “येर्काचं खरं नाव. संत तोच. तिकडे त्याचं हेरोनिमा होतं.”

येर्कामावशीनं आपल्या हातांकडे पाहिलं.

“पोरीला नाव दिलं,” ती म्हणाली, “मला तिकीट नाही दिलं, मेल्यानं!”

आणि ती हसली. दिंकानं तिला असं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिचे डोळे भरले आणि मग मात्र ते थांबेनात.

बुधवारी तिनं दिंकाला टेकडीवर यायला लावलं. कोमट ऑलिव्ह तेल आणि लाकडी सळई घेऊन ती दगडासमोर बसली. दिंका मदतीला वाकली तेव्हा तिनं तिचा हात बाजूला केला. “मी बुजवलं, मीच मोकळं करणार.” कलाफात पुन्हा दिसू लागल्यावर तिनं त्याखाली पांढरी फुलं ठेवली. लाल फुलं बेवारशांच्या क्रुसापाशी होती तिथंच राहू दिली.

गुरुवारी दुपारच्या बोटीनं नीना आली. जाडजूड, धापा टाकणारी बाई, दोन्ही हातांत पिशव्या. वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या घराच्या पायऱ्या तिला पहिल्यांदाच दिसत होत्या, आणि ती खाली अडखळून उभी राहिली. वर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी काठीला रेलून उभी होती. दिंका तिला आधार द्यायला पुढे झाली, पण म्हातारीनं मान हलवली. तिच्या दुसऱ्या हातात टाक्यातल्या पाण्याचा पेला होता.

“लांबून आलीस,” ती म्हणाली. “ये वर, येर्का. आधी तोंड धू.”